भोरच्या पावसात गावरान कोंबड्या

आमचं गाव भोर तालुक्यात, हिर्डोशी खोऱ्याच्या अंगाला. इथं पाऊस लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, भिंतींना ओल फुटते, कपडे चुलीवर धरून वाळवावे लागतात. अशा गावात कोंबडीपालन करायचं म्हटल्यावर लोकांनी वेड्यात काढलं होतं. पण आमच्याकडे भात हेच एक पीक, बाकीचे महिने घरातली माणसं हायवेला कंपनीत रोजावर. बचत गटातून कर्ज मिळत होतं, घरामागं पड जागा होती. मी धंदा सुरू केला आणि आज घरखर्चाचा मोठा वाटा या शेडमधून निघतो. सोलापूर-नगरकडच्या कोरड्या भागात जमलेलं कोंबडीपालन आमच्याकडे जसंच्या तसं चालत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. या धंद्यात जात कुठली, खाद्य कुठलं, औषध कुठलं यावर सगळे भरभरून बोलतात. माझ्या अनुभवात नफा-तोट्याचा निकाल लागतो कोंबडीच्या पायाखाली. खाली अंथरलेली तुसाची गादी कोरडी राहिली तर बाकीचं सगळं सांभाळता येतं. ती ओली झाली की चांगल्यात चांगलं खाद्य आणि महागातली औषधं दोन्ही वाया जातात.

घरात कोंबड्या आधीपासून होत्याच. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांच्या डालग्याखाली दहा-बारा गावरान कोंबड्या कायम असायच्या. कोणती खुडूक झाली, कुणाखाली किती अंडी बसवायची, हे त्यांना बोटावर पाठ. शेडचा आराखडा काढून दाखवला तेव्हा आत्या एवढंच म्हणाल्या, "अगं, थंडीचं काही नाही, खालची ओल बघ आधी." पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेच शास्त्राच्या भाषेत सांगितलं.

शेड 40 फूट बाय 20 फूट आहे. मोठ्या झालेल्या गावरान पक्ष्याला दीड चौरस फूट जागा धरली तर 500 पक्षी नीट मावतात. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन थेट आत येत नाही, हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण आमच्याकडे झड पश्चिमेकडून येते आणि नेमकी आखूड बाजू तिच्या तोंडावर सापडते. म्हणून पश्चिमेची भिंत वरपर्यंत विटांची बांधून घेतली. लांबीच्या बाजूंना दीड फूट भिंत आणि वर जाळी. पत्रा दोन्हीकडे चार फूट पुढे काढला. जोतं दोन फूट उंच, आत मुरूम ठोकून भरला आणि कोबा करायच्या आधी खाली जाड प्लास्टिक अंथरलं. गवंडी म्हणत होता, कोंबड्यांना एवढं कशाला? पण जमिनीतून वर चढणारी ओल त्या प्लास्टिकनेच अडते. शेडभोवती चर काढून पाणी खालच्या खाचरात सोडलं. जाळी अर्ध्या इंचाची घेतली, कारण मुंगूस आणि घुशी दोन्हींचा त्रास आहे. साप तर आहेतच.

पडद्याचं एक सांगायला हवं. बऱ्याच ठिकाणी पडदा वर बांधून खाली सोडतात आणि हवा हवी तेव्हा खालून गुंडाळतात. त्यामुळे गार वारा सरळ पिल्लांच्या अंगावर येतो. पडदा खालच्या भिंतीला पक्का करावा आणि दोरीने खालून वर ओढावा. वर फूट-दीड फूट मोकळं ठेवलं की विष्ठेतून उठणारा अमोनिया वरच्या वर निघून जातो आणि झोत अंगावर येत नाही. पावसात लोक पडदे गच्च बंद करून टाकतात, तिथेच घात होतो. अमोनिया उभ्या माणसाच्या नाकाला उशिरा कळतो. मी रोज शेडमध्ये गेले की गुडघ्यावर बसते, तोंड कोंबडीच्या उंचीला आणते. डोळे चुरचुरले तर आधी पडदा खाली घेते, मग बाकीची कामं.

गादीला तूस वापरते. आमच्याकडे भाताच्या गिरण्या आहेत, त्यामुळे तूस मुबलक मिळतं. पण ते उन्हाळ्यातच पोत्यांत भरून ठेवावं लागतं, पावसात गिरणीतून येणारं दमट असतं. तीन इंच थर द्यायचा. एक दिवसाआड दातेरी पंजाने खालीवर करायचा, पाण्याच्या भांड्यांभोवती तर रोज. तपासायची रीत सोपी आहे. मूठभर तूस घट्ट दाबायचं आणि मूठ उघडायची. सुटून पसरलं तर ठीक, थोडं चिकटून मग भुगा झाला तरी चालतं, लाडू वळला तर तेवढा भाग लगेच काढून नवं टाकायचं. ड्रिंकरची, म्हणजे पाण्याच्या भांड्याची, कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवली की पाणी सांडणं बरंच कमी होतं. पक्षी वाढतो तसा दर आठवड्याला ड्रिंकर वर घ्यावा लागतो. हे किरकोळ वाटतं, पण गादीतली बरीच ओल पावसाची नसते, ड्रिंकरचीच असते.

जात निवडताना खूप फिरले. बंगळुरूची गिरिराज बघितली, हैदराबादची वनराजा बघितली. दोन्ही चांगल्या, पण वजनदार होतात आणि आमचं गिऱ्हाईक मोठा पक्षी बघून "हा गावरान नाही" म्हणतं. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची. तिचं तेव्हा फार वारं होतं. 2019 मध्ये कडकनाथच्या हमीभावाच्या योजनांत पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे अडकले. पिल्लं विकणाराच "पक्षी आणि अंडी आम्हीच अमुक भावाने परत घेऊ" म्हणत असेल, तर तिथून चार पावलं लांब राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी कावेरी घेतली. मध्यम बांधा, रंगीबेरंगी पिसं, काटक. अकरा-बारा आठवड्यांत सव्वा किलोच्या आसपास जाते.

पिल्लं आली की पहिले दोन आठवडे मी दुसरं कुठलंच मोठं काम अंगावर घेत नाही. ब्रूडिंगमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देऊन वाढवण्याच्या काळात, जे पिल्लू मागे पडतं ते शेवटपर्यंत मागेच राहतं. पत्र्याचं गोल कडं करायचं, चौकोनी नाही, कारण कोपरा सापडला की पिल्लं एकावर एक चढून गुदमरतात. एका कड्यात 250 पिल्लं. पिल्लामागे साधारण दोन वॉट उष्णता लागते, म्हणजे 100 वॉटचे पाच बल्ब. पहिल्या आठवड्यात 95 अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाच अंशांनी कमी. थर्मामीटर टांगलेला आहे, पण मी पिल्लांकडेच बघते. बल्बखाली गर्दी करून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे. कड्याच्या काठाला जाऊन चोची उघड्या टाकून बसली असतील तर उष्णता जास्त झाली. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर कुठून तरी वाऱ्याची फट आहे, ती शोधायची. कुणी खातंय, कुणी पाणी पितंय, कुणी पाय ताणून आडवं झोपलंय, अशी सगळीकडे विखुरलेली दिसली की मग आपण जेवायला बसायचं.

पहिलं पाणी कोमट, गूळ आणि इलेक्ट्रोलाइट घातलेलं. दोन-तीन तास फक्त पाणी, मग तुसावर कागद अंथरून त्यावर मक्याचा बारीक भरडा. त्याच रात्री मी पंधरा-वीस पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची अन्नपिशवी बोटाने चाचपते. भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लू खायला आणि प्यायला दोन्ही शिकलं. कडक लागली तर खाल्लंय पण पाणी सापडलेलं नाही. रिकामी लागली तर त्याची चोच पाण्यात बुडवून त्याला दाखवून द्यावं लागतं. तळहातावर ते एवढंसं ऊबदार अंग धडधडत असतं. हे काम घाईने करवतच नाही.

आमच्याकडे वीज कधी जाईल नेम नसतो, म्हणून कोळशाची शेगडी तयार ठेवते. वर भोकं पाडलेला पत्रा झाकायचा आणि पडदा वरून नेहमीपेक्षा जास्त उघडायचा, कारण कोळशाचा वायू साचला तर पिल्लंही जातात आणि माणूसही.

खाद्यावर एकूण खर्चाचे जवळपास दोन तृतीयांश पैसे जातात. पहिले तीन-चार आठवडे विकतचं स्टार्टर खाद्य, 20 टक्क्यांच्या पुढे प्रथिनं असलेलं. तिथे काटकसर करत नाही. पुढे घरी मिसळते: मका, सोयाबीन पेंड, गिरणीतली कणी, थोडा भाताचा कोंडा, मिनरल मिक्श्चर, चुनखडीची भुकटी, मीठ. कणी स्वस्त मिळते म्हणून मक्याचा काही भाग तिने भरून काढते. पेंडीला मात्र तसा सोपा पर्याय नाही. 2021 मध्ये सोयाबीन पेंडीचा भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेला, शेवटी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. त्या वर्षी कितीतरी शेडना कुलूप लागलं. ॲझोला, म्हणजे पाण्यावर वाढणारी शेवाळासारखी वनस्पती, मी करते, पक्षी आवडीने खातात, पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पेंडीची जागा ॲझोला घेतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मका घेताना दाणा दाताखाली फोडून बघते. टणकन फुटला पाहिजे. कोंबाकडच्या टोकाला काळपट-हिरवी छटा दिसली तर कितीही स्वस्त असला तरी नको. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. त्याने यकृत खराब होतं, प्रतिकारशक्ती बसते आणि लस दिलेला कळपही आजारी पडतो. मग माणूस लसीला दोष देत बसतो. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त खाद्य भरून ठेवत नाही, आणि पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब.

सहाव्या आठवड्यापासून पक्षी आंब्याखालच्या जाळीबंद आवारात सोडते, दव सुकल्यावर. आवाराचे दोन भाग केले आहेत. एक वापरात असताना दुसरा उन्हात तापतो, त्याने जंतांचा त्रास आटोक्यात राहतो. मोकळं सोडलं की खाद्याचा खर्च फारसा उरत नाही, असा एक समज आहे. चार-दहा कोंबड्यांना तो लागू होतो, 500 पक्ष्यांना नाही. किडे, लसूणघास, शेवग्याचा पाला यांनी पक्षी काटक होतो, मांस घट्ट होतं, गिऱ्हाईक पुन्हा येतं. फायदा आहे तो एवढा, आणि तो माझ्या लेखी पुरेसा मोठा आहे.

लसींच्या बाबतीत मी कॅलेंडर भिंतीवर लावलंय. मरेक्स या आजाराची लस हॅचरीतच, म्हणजे पिल्लं उबवतात तिथेच, टोचून येते, ती दिली का हे विचारून घ्यायचं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात एक थेंब. ही राणीखेतसाठी, म्हणजे मानमोडीसाठी. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो आजाराची लस पाण्यातून, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा पाण्यातून, सहाव्याला देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत, आठव्याला राणीखेतचं आर-टू-बी इंजेक्शन. डोळ्यात थेंब टाकायला शेजारच्या दोघी येतात. एकीने पिल्लू द्यायचं, एकीने थेंब टाकायचा, एकीने मोजून पलीकडच्या कड्यात सोडायचं. थेंब टाकला की लगेच सोडायचं नाही. पिल्लाने डोळा मिचकावून तो आत घेतला, हे दिसलं की मगच सोडायचं. पाण्यातून लस देताना आदल्या दिवसापासून ब्लीचिंग बंद, सकाळी दीड-दोन तास पक्षी तहानलेले ठेवायचे, लिटरला पाच ग्रॅम दूध पावडर घालून त्यात लस विरघळवायची आणि दोन तासांच्या आत संपेल एवढंच पाणी ठेवायचं. भोरहून लस आणताना बर्फाचा थर्मास. दुकानदाराने कुपी फ्रीजमधून काढली, का बाहेरच ठेवलेली होती, हेही बघायचं. गरम झालेली लस दिली काय आणि नाही दिली काय, सारखंच.

एवढं सगळं करूनही एका पावसाळ्यात रक्ती हगवण आलीच. पक्षी पाचव्या आठवड्यात होते, आणि नऊ-दहा दिवस सलग झड होती. पहाटे दिवा लावला तर काही पक्षी पंख सोडून, पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेले. तुसावर विटकरी लाल डाग. दुपारपर्यंत चार मेले. डॉक्टरांनी तिथेच एक पक्षी उघडून दाखवला. आतड्याच्या टोकाच्या दोन आंधळ्या पिशव्या रक्ताने तट्ट फुगलेल्या होत्या. या हगवणीचे कॉक्सिडिया नावाचे जंतू विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच लागत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ते पिकतात आणि तुसातून पुन्हा पोटात जातात. म्हणजे आजार तयार होतो तो गादीत. पाण्यातून अँप्रोलियम सुरू केलं, पण डॉक्टर म्हणाले, "ताई, औषध मी दिलंय, पण तूस बदललं नाहीत तर आठवड्याने पुन्हा मलाच बोलवाल."

त्या रात्री घरातले सगळे शेडमध्ये होतो. ओलं तूस पाट्यांनी बाहेर, खड्ड्यात. कोरडं तूस आत. चुना भुरभुरला की अमोनियाचा वास आणखी उसळतो, म्हणून आधी पडदे वरून मोकळे केले. आत्या सत्तरीच्या पुढे आहेत, तरी पंजा हातातून सोडत नव्हत्या. तीन-चार दिवसांत मर थांबली. एकूण तीसेक पक्षी गेले. वाचलेल्यांची वाढ मात्र दोन आठवडे मागे पडली आणि त्या बॅचने खर्चापुरतंच दिलं.

प्रतिजैविकांबद्दल माझी भूमिका ठाम आहे. डॉक्टरांनी पक्षी बघितल्याशिवाय एक पुडीही नाही, आणि दिलं तर त्यांनी सांगितलेले दिवस भरल्याशिवाय विक्री नाही. कोलिस्टिनसारखं औषध, जे माणसांना शेवटचा उपाय म्हणून लागतं, ते पूर्वी कोंबड्यांच्या खाद्यातसुद्धा सर्रास मिसळलं जायचं. 2019 मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी आणली. ज्या मुलाबाळांच्या ताटात हा पक्षी जाणार, त्यांना उद्या औषध लागू पडलं पाहिजे.

बाहेरून आजार आत येऊ नये यासाठी दारात चुना-ब्लीचिंगचं पायदान, शेडची चप्पल वेगळी. आत्यांच्या घरच्या कोंबड्या शेडकडे फिरकणार नाहीत असं कुंपण. व्यापाऱ्याच्या पक्षी न्यायच्या जाळ्या रस्त्यावरच थांबतात, पक्षी आम्ही तिथे नेऊन देतो, कारण त्या जाळ्या दिवसाला किती शेड फिरून येतात देव जाणे. मेलेला पक्षी ओढ्यात टाकायचा नाही, खड्ड्यात चुन्यासह पुरायचा. सगळा माल एकदम आत, सगळा एकदम बाहेर, आणि मधे दोन आठवडे शेड धुऊन, चुना मारून रिकामी.

बर्ड फ्लूची धास्ती वेगळीच. देशात तो पहिल्यांदा सापडला 2006 च्या फेब्रुवारीत, नंदुरबारच्या नवापूरला. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात सापडला. असा आजार निघाला की एक किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. म्हणून एकाएकी जास्त मर झाली तर ती लपवू नये, लगेच दवाखान्यात कळवावी. त्याने आपले पक्षी वाचत नाहीत, पण गावाचे वाचू शकतात, आणि नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाईही मिळते. 2020 च्या मार्चमध्ये तर आजार नसतानाच धंदा बसला. कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली आणि लोकांनी पक्षी अक्षरशः फुकट वाटले.

आता विक्री. पिल्लू, साडेतीन किलोच्या आसपास खाद्य, लस, वीज, तूस आणि मर धरून एक पक्षी मला 200 रुपयांच्या आगेमागे पडतो. व्यापाऱ्याला दिला तर थोडंच सुटतं. थेट गिऱ्हाइकाला दिला तर पक्ष्यामागे 100 रुपयांच्या वर राहतात. म्हणून हायवेचे ढाबे, पुण्यातल्या ओळखीच्या सोसायट्या आणि फार्महाऊसवाले मी धरून ठेवले आहेत. बारा आठवड्यांच्या पुढे मात्र पक्षी ठेवायचा नाही. तयार पक्षी दिवसाला 100 ग्रॅम खातो, खाद्य 40 रुपये किलो धरलं तर चार रुपये. पाचशे पक्षी म्हणजे रोजचे 2000 रुपये, आणि वजन फारसं वाढत नाही.

त्यामुळे पिल्लं कधी आणायची हे मी खाणाऱ्यांच्या पंचांगावरून ठरवते. आखाडात मागणी तुफान असते, श्रावण लागला की शून्य. पुढे गणपती, नवरात्र, मग मार्गशीर्षातले गुरुवार. आखाडासाठी पिल्लं एप्रिलमध्ये, थर्टी फर्स्टसाठी सप्टेंबरच्या अखेरीस, चैत्रातल्या जत्रांसाठी जानेवारीत. रक्ती हगवणीच्या त्या बॅचनंतर भर पावसात पिल्लं घेणं बंदच केलं. श्रावणात शेड रिकामी राहते. तेव्हाच दुरुस्त्या होतात, आणि निघालेलं तूस-विष्ठेचं खत कुजवून भाजीपाल्यावाल्यांना जातं. त्या पैशात पुढच्या बॅचची लस आणि वीज भागते.

आजूबाजूच्या गावांतून बायका विचारायला येतात. शेडमध्ये कुणालाच नेत नाही, ओट्यावर बसवते आणि सगळे आकडे वहीतून दाखवते. शंभर पिल्लांनी सुरुवात करा म्हणते, आणि तीही एप्रिलमध्ये. जागा ठरवायची असेल तर त्याआधीच्या जुलैत, चांगला पाऊस कोसळत असताना, तिथे जाऊन तासभर उभ्या राहा. पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं ते बघा, आणि मगच गवंड्याला बोलवा.